मंडळीचा सभासद, तोच मतदार : मॅसॅच्युसेट्समधल्या १६३१च्या ठरावाची पार्श्वभूमी

१८ मे १६३१ रोजी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स उपसागराच्या इंग्रज वसाहतीत भरलेल्या सभेने एक ठराव केला. वसाहतीतल्या कुठल्या तरी मंडळीचा, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती समुदायाचा, सभासद असलेल्या पुरुषालाच यापुढे ‘फ्रीमन’ होता येईल, म्हणजे त्यालाच मत देता येईल आणि पदावर निवडून येता येईल. शासन प्रामाणिक आणि भल्या माणसांच्या हाती राहावे, असे कारण नोंदवहीत दिले आहे. धर्मासाठी इंग्लंडमधले घरदार सोडून आलेल्या प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांनी, दुसऱ्यांना तेच स्वातंत्र्य का दिले नाही, हा वाद बहुतेक वेळा पुढच्या हद्दपाऱ्या आणि फाशा यांच्यापाशी सुरू होतो. तो या ठरावापासून सुरू करायला हवा.

१६२० मध्ये प्लिमथला उतरलेले लोक इंग्लंडच्या चर्चपासून फुटून निघाले होते. मॅसॅच्युसेट्सला आलेले प्युरिटन मात्र स्वतःला त्याच चर्चचे मानत. चर्च आतून शुद्ध करायचे, ही त्यांची भूमिका. १६२९ मध्ये राजाने संसद बरखास्त केली आणि पुढची ११ वर्षे ती बोलावलीच नाही. प्युरिटन पाळकांच्या प्रवचनांवर बंदी येऊ लागली. दुरुस्तीची वाट मायदेशी बंद झाली, ती समुद्रापलीकडे चालून दाखवायची असे ठरले.

त्यासाठी हाताशी होती एका व्यापारी कंपनीची सनद. मार्च १६२९ मध्ये मिळालेल्या या सनदेत भागधारकांची सभा कोठे भरावी, हे लिहिलेलेच नव्हते. त्याच ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला १२ जणांनी करार केला : सनद आणि कारभार आपल्याबरोबर येणार असेल तरच आपण सहकुटुंब जाऊ. १६३० मध्ये ११ जहाजांतून सुमारे ७०० माणसे निघाली, आणि त्यांच्याबरोबर कंपनीचे सरकारही अमेरिकेला पोहोचले. पुढच्या दहा वर्षांत न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे या भागातल्या इंग्रज वसाहतींत, आलेल्यांची संख्या २०,००० च्या आसपास गेली.

आता ठरावाकडे. सनदेनुसार फ्रीमन म्हणजे कंपनीचा भागधारक, आणि प्रत्यक्ष समुद्र ओलांडून आलेले भागधारक जेमतेम डझनभर. त्यांनी ठरवले असते तर सगळी सत्ता कायदेशीररीत्या स्वतःकडेच ठेवता आली असती. पण ऑक्टोबर १६३० मध्ये शंभरहून अधिक पुरुषांनी फ्रीमन करून घ्या म्हणून अर्ज केला. पहिल्या हिवाळ्यात सुमारे २०० माणसे दगावली होती, काही जण कंटाळून परत गेले होते. उरलेल्यांना दुखावणे वसाहतीला परवडणारे नव्हते. मे महिन्यात अर्जदारांना शपथ दिली गेली आणि त्याच सभेत पुढच्यांसाठी मंडळीच्या सभासदत्वाची अट घातली गेली.

म्हणून या निर्णयाला नुसते संकुचित म्हणणे मला पटत नाही. इंग्लंडमध्ये परगण्याच्या निवडणुकीत मत द्यायचे तर वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन लागे. इथे तशी मिळकतीची अट नव्हती. कंपनीचा भाग (शेअर) विकत न घेतलेला सुतार किंवा शेतकरी गव्हर्नरच्या निवडणुकीत भाग घेऊ शकत होता. शिवाय हे फ्रीमन गप्प बसणारे नव्हते. १६३४ मध्ये त्यांनी मूळ सनद दाखवा असा आग्रह धरला. कायदे करण्याचा अधिकार मूठभर अधिकाऱ्यांचा नसून सर्व फ्रीमनांचा आहे हे त्यांनी त्यात वाचले, आणि गावोगावचे प्रतिनिधी सभेत पाठवायला लागले.

पण दार कितीही रुंद असले तरी त्याची किल्ली मंडळीकडे होती, आणि मंडळीने ते लवकरच अरुंद केले. १६३० च्या दशकाच्या मध्यापासून सभासद होण्यासाठी चांगले आचरण आणि श्रद्धेचे ज्ञान पुरेनासे झाले. देवाची कृपा आपल्याला कशी लाभली, हे उमेदवाराने मंडळीसमोर सांगायचे आणि मंडळीने ते पारखायचे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावच्या पाळकाने टिपून ठेवलेली अशी पन्नासएक कथने आज उपलब्ध आहेत. त्यांत नोकरचाकरही आहेत, स्त्रियाही आहेत. कुठल्या प्रवचनाने मन हलले, मग शंका कशी परतली, पुन्हा धीर कसा आला, असे सगळे त्यांत आहे. इतक्या आतल्या गोष्टीवर पुरुषांचा मताधिकार अवलंबून राहिला. स्त्रियांनी हीच परीक्षा दिली, पण त्यांना मत मिळाले नाही.

याला पाळकांचे राज्य म्हणणेही बरोबर नाही. पाळक सरकारी पदे घेत नसत. लग्न हा दिवाणी व्यवहार होता, तो अधिकाऱ्यासमोर होई. मंडळीने शिक्षा केली तरी माणसाचे सरकारी पद जात नाही, असे १६४१ च्या कायदेसंहितेत स्पष्ट होते. उलट बाजूने मात्र भिंत नव्हती : उपासनेला हजर राहणे सक्तीचे, पाळकाच्या खर्चाचा भार सर्वांवर, आणि पाखंडाला शिक्षा सरकार देणार.

गाव उभे राहतानाच ही निवड सुरू होई. १६३६ च्या डेडहॅम गावच्या करारनाम्यात लिहिले आहे की विरुद्ध मताच्या लोकांना दूर ठेवायचा आम्ही सर्व प्रकारे यत्न करू आणि एकदिलाच्याच लोकांना आत घेऊ. त्याच करारात, तंटा झाला तर गावातल्याच दोघाचौघांनी तो मिटवावा असेही ठरले. जमीन सह्या करणाऱ्यांत वाटली जाई. आपसातला विश्वास आणि परक्याला नकार एकाच कागदावर होते.

बाकीचे यातूनच आले. सरकारने धर्ममतासाठी शिक्षा करू नये आणि मूळ रहिवाशांची जमीन राजाला देता येत नाही, असे म्हणणाऱ्या सेलमच्या तरुण पाळकाला १६३५ मध्ये हद्दपारी झाली. त्याने पुढच्या वर्षी नॅरागॅन्सेट या मूळ रहिवासी जमातीच्या प्रमुखांकडून जमीन घेऊन प्रॉव्हिडन्स वसवले. १६३७ मध्ये घरी प्रवचनांची चर्चा घेणाऱ्या एका सुईणीवर खटला झाला आणि तिच्या पक्षाच्या ७५ पुरुषांकडून शस्त्रे काढून घेण्यात आली. १६५९ ते १६६१ या काळात बोस्टनमध्ये क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या चौघांना फासावर दिले, त्यांत एक स्त्री होती. लंडनहून राजाचा हुकूम आला तेव्हा हे थांबले. ज्या राजसत्तेपासून हे लोक दूर गेले, तिनेच इथे दुसऱ्यांचे प्राण वाचवले, ही गोष्ट प्युरिटनांचा गौरव करणाऱ्यांनी टाळू नये.

ठरावाला पहिला तडा घरातूनच गेला. सभासदांची मुले मोठी झाली, पण कृपेचे कथन करायला पुढे येईनात. १६६२ मध्ये पाळकांच्या परिषदेने तोड काढली : अशांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा, पण त्यांना स्वतःला प्रभुभोजनाच्या विधीत आणि मंडळीच्या मतदानात भाग नाही. १६६४ मध्ये राजाच्या दबावामुळे सभासद नसलेल्यांसाठी एक पर्याय काढला, पण त्यालाही पाळकाचा दाखला लागे. १६८४ मध्ये सनद रद्द झाली. १६९१ च्या नव्या सनदेने मताधिकार मंडळीपासून तोडून मालमत्तेला जोडला आणि कॅथलिक सोडून सर्व ख्रिस्ती लोकांना उपासनेची मोकळीक दिली.

मराठी वाचकाशी या इतिहासाचा थेट संबंध आहे. मॅसॅच्युसेट्सच्या कंपनीच्या १६२९ च्या मोहरेवर, म्हणजे शिक्क्यावर, एक मूळ रहिवासी होता आणि त्याच्या तोंडी ‘इकडे या, आम्हाला मदत करा’ असे शब्द घातले होते. १६३७ मध्ये मिस्टिकला पीकॉट लोकांची वस्ती शेकडो माणसांसह जाळली गेली, तेव्हाही शिक्का तोच होता. प्युरिटनांच्या वारस मंडळ्यांनी १८१० मध्ये परदेशी मिशन काढले आणि त्याचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना सुरुवातीला परत पाठवायचा प्रयत्न केला, तरी ते टिकले. त्यांच्या मराठी शाळा, छापखाना आणि १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक, हा आपल्याही इतिहासाचा भाग आहे. नगरला त्यांचे काम १८३१ मध्ये सुरू झाले, तेव्हा खुद्द मॅसॅच्युसेट्समध्ये मंडळ्यांसाठी कर घेण्याची तरतूद त्या राज्याच्या घटनेत कायम होती. ती १८३३ मध्ये दुरुस्ती करून काढली गेली.