मानवी प्रजननातील यादृच्छिकता

एखाद्या लोकसंख्येत कोणती स्त्री आणि कोणता पुरुष यांची जोडी जमते हे त्यांच्या जनुकांवर मुळीच अवलंबून नसेल, तर त्या लोकसंख्येत यादृच्छिक प्रजनन होते असे लोकसंख्या-आनुवंशिकीत म्हणतात. ‘यादृच्छिक’ म्हणजे मनमानी नव्हे. विचाराधीन जनुकाच्या दृष्टीने निवड आंधळी आहे, एवढाच या संज्ञेचा अर्थ. त्यामुळे माणसाचे प्रजनन यादृच्छिक आहे की नाही, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. कोणत्या गुणाबाबत, कोणत्या समाजात आणि कोणत्या टप्प्यावर हे आधी ठरवावे लागते. एकच दांपत्य एका गुणाबाबत पूर्णपणे यादृच्छिक असते आणि दुसऱ्या गुणाबाबत मुळीच नसते.

या कल्पनेचा गणिती पाया इंग्लंडमधील गणितज्ञ जी. एच. हार्डी आणि जर्मनीतील वैद्य विल्हेल्म वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे घातला. १९२७ मध्ये लँडस्टायनर व लेव्हिन यांनी शोधलेली एमएन रक्तगटप्रणाली हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. या जनुकाच्या ‘एम’ रूपाचे प्रमाण ६० टक्के आणि ‘एन’ रूपाचे ४० टक्के असेल, तर यादृच्छिक प्रजननाच्या एकाच पिढीत एमएम ३६, एमएन ४८ आणि एनएन १६ टक्के असे वाटप होते व इतर कारणे आड आली नाहीत तर तेच टिकते. एकजिनसी समाजात प्रत्यक्ष मोजणी या अपेक्षेच्या फार जवळ येते, कारण आपला एमएन गट कोणता हे कोणालाच ठाऊक नसते. आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात उंची, शिक्षण, रास, नाडी यांच्याबरोबर रक्तगट लिहिण्याची पद्धत रुळली आहे. पण तो एबीओ आणि आरएच गट असतो. एमएन गट कोणी विचारत नाही.

दिसणाऱ्या गुणांची गोष्ट वेगळी आहे. कार्ल पिअर्सन व ॲलिस ली यांनी १९०३ मध्ये इंग्लिश कुटुंबांच्या मोजमापांवरून पती-पत्नींच्या उंचीतील सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध) सुमारे ०.२८ असल्याचे दाखवले. शिक्षणाच्या बाबतीत हे साम्य अनेक देशांत याहून ठळक आढळते. अशा सदृश निवडीने जनुकांचे एकूण प्रमाण बदलत नाही, मात्र संततीत त्या गुणाची टोके अधिक प्रमाणात दिसू लागतात. साम्य आढळले म्हणजे जोडीदाराने ते शोधलेच होते असेही नाही. एकाच परिसरात, एकाच आर्थिक थरात वाढलेली माणसे एकमेकांना अधिक भेटतात आणि तेवढ्यानेही सहसंबंध निर्माण होतो.

भारतात यादृच्छिकतेला सर्वांत मोठा छेद जातिअंतर्गत विवाहाने दिला आहे, आणि त्याचा परिणाम कोणी न निवडलेल्या जनुकांवरही होतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. समजा, एका तालुक्यातील सारख्या आकाराच्या दोन पोटजातींपैकी एकीत एखाद्या जनुकरूपाचे प्रमाण ८० टक्के आणि दुसरीत २० टक्के आहे. प्रत्येक पोटजातीत विवाह पूर्ण यादृच्छिक असले, तरी दोन्ही वेगवेगळी रूपे धारण करणाऱ्या व्यक्ती दोन्हीकडे ३२ टक्केच असतील. तालुका एकच समाज मानला, तर सरासरी प्रमाण ५० टक्के धरून अशा व्यक्ती ५० टक्के अपेक्षित होत्या. ही तूट स्वीडनच्या स्टेन वालुंड यांनी १९२८ मध्ये स्पष्ट केली. मुंबईत एल. डी. संघवी आणि व्ही. आर. खानोलकर यांनी १९५० मध्ये सहा अंतर्विवाही गटांच्या आनुवंशिक गुणांची तुलना प्रसिद्ध केली, ती या विषयातील भारतातील आरंभीच्या महत्त्वाच्या कामांपैकी एक आहे. पुढे २०१३ मध्ये प्रिया मूरजानी व सहकाऱ्यांनी जनुकसंचाच्या अभ्यासावरून दाखवले की उपखंडात सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात वेगवेगळ्या वंशधारांचा व्यापक संकर होत होता, आणि त्यानंतर तो फार घटला. म्हणजे आजची बंद वर्तुळे सनातन नाहीत. एका ऐतिहासिक टप्प्यावर ती आवळली गेली.

वर्तुळाच्या आतही नियम असतात. सगोत्र आणि एकाच देवकाच्या कुळांतील विवाह निषिद्ध मानले जातात. पण गोत्र पित्याकडूनच येत असल्याने ही बंदी जनुकांच्या हिशेबाशी जुळत नाही. कित्येक पिढ्यांपूर्वी वेगळ्या झालेल्या सगोत्र कुटुंबांत सामाईक जनुके नगण्य असू शकतात, तर मामेबहिणीचे गोत्र निराळे असूनही तिच्याशी झालेल्या विवाहातील अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची संभाव्यता सोळात एक असते. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची रूढी आहे. दक्षिणेत काही समाजांत मामा-भाची विवाहही होतात आणि तेथे ही संभाव्यता आठात एक होते. शंभरात एक प्रमाण असलेले दोषयुक्त जनुकरूप घेतले, तर यादृच्छिक विवाहात दहा हजारांत एका अपत्याला त्याच्या दोन्ही प्रती मिळतील. मामेबहिणीशी झालेल्या विवाहात हे प्रमाण सुमारे सातपट आणि मामा-भाची विवाहात तेरापटींहून अधिक होते. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगटही असाच दोन्ही प्रती सदोष असल्यावर दिसतो. या व्यक्तीला त्याच गटाचे रक्त लागते, म्हणून रक्तदाता आधी सख्ख्या भावंडांत शोधावा, हे रास्तच आहे.

जोडी जमणे हा पहिला टप्पा झाला. दुसरा टप्पा बीजपेशींचा, म्हणजे शुक्रपेशी व अंडपेशींचा. येथे योगायोगाचे राज्य खरोखर मोठे आहे. गुणसूत्रांच्या २३ जोड्यांतून प्रत्येकी एक उचलले जात असल्याने एका व्यक्तीच्या बीजपेशींत सुमारे ८४ लाख आणि एका दांपत्याच्या अपत्यांत सुमारे ७० लाख कोटी जुळण्या संभवतात. जोडीतील गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते, ती वेगळीच. मात्र ही अदलाबदलही सर्वत्र सारखी होत नाही. गुणसूत्रावरील ठरावीक जागी ती वारंवार होते, आणि त्या जागा मुख्यतः पीआरडीएम९ या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनावर अवलंबून असतात.

अपत्याचे लिंगही शुक्रपेशीच्या योगायोगाने ठरते आणि हस्तक्षेप नसल्यास १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. गर्भलिंगनिदानाने हा योगायोग हिरावून घेतला. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९८८ मध्ये देशात प्रथम कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही ० ते ६ वयोगटात राज्यात हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ असलेल्या मुली २०११ मध्ये ८९४ पर्यंत खाली आल्या. हा तुटवडा पुढच्या पिढीच्या जोड्यांपर्यंत पोहोचतो. हरियाणात बंगाल, आसाम, बिहार येथून वधू आणल्या जातात, आणि त्यात पुष्कळदा त्या स्त्रियांच्या संमतीला वाव नसतो.