कुत्र्यांमधला हिप डिस्प्लेशिया आणि जबाबदार पैदास

हिप डिस्प्लेशिया म्हणजे कुत्र्याच्या मागच्या पायाचा खुबा नीट न बसणं. हा उखळीचा सांधा, मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो, पण काही पिल्लांचा सांधा वाढताना सैल पडतो, मग वाटी उथळ राहते, गोळा घासून चपटा होतो आणि शेवटी तिथे संधिवात येतो. जन्मतः सांधा ठीकच दिसतो, ढिलेपणा पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत येतो, म्हणून "आमच्याकडे होतं तोवर मस्त पळत होतं" असं विकणारा म्हणतो ते बऱ्याचदा खरंच असतं.

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड यांच्यात हे जास्त. पग आणि बुलडॉगमध्येही भरपूर, फक्त ते कुणाला पटत नाही. ग्रेहाउंडसारख्या हाडकुळ्या पळणाऱ्या कुत्र्यांत मात्र अगदीच कमी.

खानदेशात हा आजार लवकर लक्षात येत नाही, त्याला ऊन पण जबाबदार आहे. मे महिना, जळगावात पारा ४४-४५, लॅब कूलरसमोर टाइल्सवर पसरलेला. दाराची बेल वाजली की पुढचे पाय लगेच उभे राहतात पण मागचे फरशीवर फाकत जातात, एकदा बसतो, परत जोर लावतो, मग उठतो. घरचे म्हणतात उन्हाने सुस्त झालाय. तेच कुत्रं पहाटे गारव्यात बघा: कंबर डुलते, पळताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकत्र पडतात, जिना टाळतो, छाती भरलेली पण मागून बारीक.

कारण एक नाही. अनेक जीन्स मिळून हे आई-बापाकडून येतं, आणि वाढीच्या काळातलं खाणं-पिणं, वजन, फरशी त्यात भर घालतात. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरवर आयुष्यभर अभ्यास झाला, अर्ध्यांना त्यांच्याच भावंडांपेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, तर त्यांचे खुबे बरे राहिले आणि ती जवळपास दोन वर्षं जास्त जगली. आपल्याकडे उलटं, 'डबल बोन' म्हणजे जाड हाडाचं पिल्लू हवं म्हणून कॅल्शियमचं सिरप पाजायचं, जे मोठ्या जातीच्या पिल्लाच्या हाडांना उलट बाधतं. नॉर्वेतल्या एका अभ्यासात पहिल्या तीन महिन्यांत जिने चढणाऱ्या पिल्लांना धोका जास्त आणि मऊ जमिनीवर मोकळं खेळणाऱ्यांना कमी असं दिसलं. म्हणजे नांगरलेलं काळं रान फ्लॅटच्या टाइल्सपेक्षा कधीही चांगलं.

आता पैदास. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा माणूस त्याला चालवून, पळवून बघतो, बैल घेणारा दात मोजतो, आणि तोच माणूस पिल्लू घेताना व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवर अॅडव्हान्स पाठवतो. खरं तर इथे चालवून बघूनही भागत नाही, कारण खुबा खराब असलेला बाप वर्षानुवर्षं न लंगडता राहू शकतो आणि दोष पिल्लांत उतरवू शकतो. त्यासाठी एक्स-रेच लागतो, कुत्र्याला गुंगी देऊन, पाठीवर झोपवून, मागचे पाय सरळ ओढून. अमेरिकेत १९६६ पासून ओएफए ही संस्था असे एक्स-रे तपासते आणि दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय अंतिम दाखला देत नाही. ब्रिटनमध्ये दोन्ही खुब्यांना मिळून ० ते १०६ गुण देतात, जितके कमी तितके चांगले. पेनहिप नावाची पद्धत सांध्याचा ढिलेपणा १६ आठवड्यांपासूनच मोजते. आपल्याकडे लोक 'केसी पेपर', म्हणजे केनेल क्लबचा कागद दाखवतात, पण ती वंशावळ झाली, खुब्याची तपासणी नव्हे.

भारतात २०१७ च्या श्वान पैदास नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. शेजाऱ्याच्या लॅबशी हौसेने 'क्रॉसिंग' करणाऱ्यांपर्यंत हे पोचलेलंच नाही.

उपचारात पहिलं काम वजन उतरवणं, मग पोहणं किंवा मोजकं चालणं, वेदनाशामक फक्त डॉक्टरच्या सांगण्यावरून (घरातली आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषारी आहे). ऑपरेशनं आहेत, गोळा काढून टाकण्यापासून पूर्ण खुबा बदलण्यापर्यंत, पण खर्च मोठा. तोवर घरात करता येण्यासारखं स्वस्त काम म्हणजे त्याच्या बसायच्या जागेपासून दारापर्यंत गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरणं.