हिरडी सोलते तेव्हा : एका निदानाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात तोंड आलं की पहिलं निदान घरातच होतं: उष्णता झाली. मग बी-कॉम्प्लेक्स, सब्जा, जिभेवर तूप, तिखट बंद. साध्या फोडांना एवढं पुरतंही, कारण ते आठ-दहा दिवसांत आपसूक भरतात. पण ब्रश लावला की हिरडीचा पापुद्रा निघतो, खाली लालबुंद मांस दिसतं, तांबड्या रश्श्याचा घोट सोसत नाही आणि हे महिनोन्‌महिने चालतं, तेव्हा तो पायोरियाच समजून पुन्हा पुन्हा दात साफ करून घेण्यात वेळ जातो.

या चुकीला जुना इतिहास आहे. हिरड्या झडतात आणि थुंकीतून रक्त येतं, अशा रोगाला सुश्रुताने ‘परिदर’ म्हटलं होतं. आधुनिक दंतवैद्यकात सोलणाऱ्या हिरडीचं वर्णन टोम्स यांनी 1894 मध्ये केलं आणि 1932 मध्ये प्रिन्झ यांनी त्याला स्वतंत्र आजाराचं नाव दिलं. रुग्णांत पन्नाशीच्या बायका जास्त, म्हणून दोष रजोनिवृत्तीवर गेला आणि इस्ट्रोजेनचे उपचार सुरू झाले. अखेर 1960 मध्ये मॅकार्थी आणि शक्लर यांनी मांडलं, की हा आजारच नाही, हे लक्षण आहे. मूळ आजार बहुतेकदा त्वचारोगांच्या यादीत सापडतो.

ती यादी तोवर तयार होत आली होती. लायकेन प्लेनस, म्हणजे त्वचेवर आणि तोंडात चट्टे उठवणारा आजार, याचं वर्णन इरॅस्मस विल्सन यांनी 1869 मध्ये केलं आणि त्यावरच्या पांढऱ्या रेघा विकहॅम यांनी 1895 मध्ये टिपल्या. फोडांच्या आजारांचा गुंता जास्त काळ टिकला. पेम्फिगसमध्ये त्वचेच्या पेशी एकमेकींपासून सुटतात, हे सिव्हात यांनी 1943 मध्ये दाखवलं. पेम्फिगॉइडमध्ये अख्खा वरचा थर खालच्यापासून सुटतो, म्हणून तो वेगळा आजार, हे लिव्हर यांनी 1953 मध्ये. शरीर स्वतःवरच प्रतिपिंडं (एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं) सोडतं, हा पुरावा ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी 1964 मध्ये दिला. पेम्फिगसमधलं लक्ष्य, डेस्मोग्लीन 3 हे प्रथिन, 1991 मध्ये ओळखलं गेलं. तोंडाच्या पेशी मुख्यतः याच प्रथिनाच्या आधारावर एकमेकींना धरून असतात. म्हणून अर्ध्याहून अधिक रुग्णांत हा आजार अंगावर फोड येण्याआधी तोंडात दिसतो.

1964 च्या शोधाने तपासणी बदलली, आणि आजही सगळं तिथेच बिघडतं. तपासायला हिरडीचे दोन छोटे तुकडे लागतात. एक 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, साध्या सूक्ष्मदर्शकासाठी. दुसरा मिशेल द्रावणात, म्हणजे प्रतिपिंडं शाबूत ठेवणाऱ्या द्रावणात, ती चमकवून पाहण्यासाठी. हा चुकून फॉर्मॅलिनमध्ये पडला तर ती तपासणी गेलीच. नमुना पुण्या-मुंबईला पाठवायचा असेल तर मिशेलमध्ये तो साध्या तापमानाला काही दिवस टिकतो, गोठवायचा नाही. द्रावण नसेल तर सलाईनमध्ये ठेवून चोवीस तासांत पोचवावा. तुकडा उघड्या जखमेतून घेऊ नये, तिथे वरचा थर उरलेलाच नसतो. शेजारच्या धड दिसणाऱ्या भागातून घ्यावा. दाताला लागून असलेली कडही टाळावी, कारण तिथली कीटणाची सूज चित्र बिघडवते. तुकडा कापायचं गोल पातं, म्हणजे पंच, जोरात फिरवला तर पापुद्रा निसटून हातात येतो. नमुना नीट आला तर पेम्फिगसमध्ये पेशींभोवती माशांच्या जाळ्यासारखी चमक दिसते, पेम्फिगॉइडमध्ये तळाशी सरळ रेघ.

नाव कळलं की वाट ठरते. लायकेन प्लेनस हिरडीपुरता असेल तर दातांच्या मापाचा मऊ ट्रे करून त्यात 0.05 टक्के क्लोबेटासॉल या स्टिरॉइडचं जेल, दिवसातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं, आणि नंतर अर्धा तास खाणं-पिणं नाही. त्याने तोंडात बुरशी वाढू शकते, म्हणून बुरशीवरचं क्लोट्रिमॅझोल हाताशी हवं. दुखतं म्हणून ब्रश सोडला की कीटण साठतं आणि सोलणं वाढतं. मऊ ब्रश आणि चूळ भरायला बिनअल्कोहोलचा, निम्मं पाणी घातलेला क्लोरहेक्सिडीन माउथवॉश वापरावा. मशेरी थांबवायलाच हवी: लायकेन प्लेनस मुळात कर्करोगाकडे झुकू शकणाऱ्या आजारांत मोडतो, तंबाखूने धोका वाढतो आणि तपासणाऱ्याची नजरही फसते. दर सहा महिन्यांनी तोंड दाखवावं. गुटख्याने आखडणारं तोंड हा वेगळा आजार, त्यात जबडा उघडत नाही.

पेम्फिगसला मात्र ट्रे पुरत नाही. स्टिरॉइड येण्याआधी, म्हणजे 1950 पूर्वी, बहुतेक रुग्ण दगावत. नंतर रोज मोठी मात्रा देण्याचे दुष्परिणाम पुढे आले. त्यावर दिल्लीच्या एम्समध्ये पसरिचा यांनी 1980च्या दशकात पल्स पद्धत बसवली: सलग तीन दिवस रोज 100 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड शिरेतून, त्यातल्या एका दिवशी प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोफॉस्फामाइड 500 मिलिग्रॅम, दर 28 दिवसांनी, आणि मधल्या दिवसांत सायक्लोफॉस्फामाइडचीच रोज 50 मिलिग्रॅमची गोळी. सायक्लोफॉस्फामाइडने पाळी बंद पडू शकते, म्हणून मूल हवं असलेल्यांना त्याऐवजी बहुधा अझाथायोप्रिन देतात. 2018 मध्ये अमेरिकेत पेम्फिगससाठी रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शनला मान्यता मिळाली: 1000 मिलिग्रॅमचे दोन डोस, दोन आठवड्यांच्या अंतराने. ते सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी आणि क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. हिपॅटायटिसचा दबून बसलेला विषाणू औषधाने उसळला तर यकृत निकामी होऊ शकतं.