रडीचा डाव आणि उसने खेळाडू: दोन भांडणांच्या मुळाशी अल्जीरिया

विश्वचषक आला की फुटबॉलवेड्यांच्या गप्पा फिरून फिरून दोन तक्रारींवर येतात. एक, ‘ते नुसता वेळ काढत होते.’ दुसरी, ‘त्या संघात त्या देशाचे आहेतच किती जण?’ पहिली तक्रार कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेविरुद्ध पेठ उभी राहते तेव्हाही ऐकू येते. दुसरी मात्र खास राष्ट्रीय संघांची. या दोन्ही बाबतींतले आजचे नियम कुठून आले याचा माग काढत मागे गेलं की दोन्ही वाटांवर एकच देश भेटतो, अल्जीरिया. पहिल्या वाटेवर त्याच्यावर अन्याय झाला आणि नियम बदलला. दुसऱ्या वाटेवर त्याने स्वतःच नियम बदलून घेतला.

१९८२च्या स्पेनमधल्या विश्वचषकात अल्जीरिया पहिल्यांदाच खेळत होता. १६ जूनला हिहोन शहरातल्या एल मोलिनोन मैदानावर त्याची गाठ पश्चिम जर्मनीशी पडली. जर्मनी तेव्हाचा युरोपविजेता. अल्जीरियाला कोणी धरतही नव्हतं. राबाह माजेरने गोल केला, जर्मनीच्या रुमेनिगने तो फेडला आणि पुढच्याच मिनिटाला लखदर बेल्लूमीने पुन्हा आघाडी मिळवून दिली. २-१. नंतर ऑस्ट्रियाने त्यांना २-०ने हरवलं, पण २४ जूनला चिलीवर ३-२ असा विजय मिळवून अल्जीरियाने गटातले तिन्ही सामने संपवले. चिलीविरुद्ध मध्यंतराला ते ३-० असे पुढे होते. उत्तरार्धात खाल्लेले ते दोन गोल केवढ्याला पडले, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

कारण जर्मनी-ऑस्ट्रिया हा शेवटचा सामना दुसऱ्या दिवशी होता आणि दोघांनाही गणित पाठ होतं. जर्मनी जिंकला नाही तर तो घरी जाणार. तो ३-०ने जिंकला तर ऑस्ट्रिया घरी जाणार. पण जर्मनी एक किंवा दोन गोलने जिंकला, तर दोघेही पुढे आणि अल्जीरिया बाहेर. (अल्जीरियाने चिलीला ३-०वरच रोखलं असतं, तर जर्मनीचा १-० विजय ऑस्ट्रियाला पुरला नसता.) मैदान पुन्हा तेच, एल मोलिनोन. दहा-अकरा मिनिटांत जर्मनीच्या ह्रुबेशने गोल केला. मग थोडा वेळ खेळ झाला आणि मध्यंतरानंतर तोही थांबला. चेंडू आपल्याच अर्ध्यात इकडून तिकडे, तिकडून गोलरक्षकाकडे, गोलरक्षकाकडून परत. आपल्याकडे जत्रेच्या फडात दोन पैलवान आधी ठरवून नुसते हात झटकत राहतात, त्याला नुरा कुस्ती म्हणतात. ही तशीच, फक्त ठरवायलाही कोणी एकत्र बसलं असेल असं नाही. गुणतक्त्यानेच ठरवून दिलं होतं.

प्रेक्षकांतल्या अल्जीरियन लोकांनी नोटा फडकावून दाखवल्या. ऑस्ट्रियाच्या दूरचित्रवाणीवरच्या समालोचकाने प्रेक्षकांना टीव्ही बंद करायला सांगितलं. अल्जीरियाने तक्रार केली आणि ती फेटाळली गेली. खरं सांगायचं तर फिफाकडे दुसरा मार्ग नव्हता. कमी धावणं, मागे पास देणं, गोल करायचा प्रयत्न न करणं यातला एकही प्रकार नियमात गुन्हा नव्हता. फिफाचा गुन्हा वेगळा होता, तो म्हणजे वेळापत्रक. आणि इशारा चार वर्षांपूर्वीच मिळाला होता. १९७८मध्ये ब्राझील-पोलंड सामना संपल्यावर अर्जेंटिना रोसारिओत पेरूविरुद्ध उतरला, तेव्हा किमान चार गोलने जिंकायचं आहे हे त्याला ठाऊक होतं. तो ६-०ने जिंकला. त्या सामन्यावरचा संशय आजवर गेलेला नाही. तरीही गटातले शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी खेळवायचा नियम आला तो हिहोननंतर, १९८६पासून.

या नियमाने आगाऊ माहिती गेली, वेळकाढूपणा गेला नाही. त्याचा इतिहास त्याहून जुना. १८९१मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक एका गोलने मागे असताना शेवटच्या मिनिटांत त्यांना पेनल्टी मिळाली. अॅस्टन व्हिलाच्या गोलरक्षकाने चेंडू लाथेने मैदानाबाहेर उडवला आणि तो सापडेपर्यंत नव्वद मिनिटं भरली, असा किस्सा सांगतात. वाया गेलेला वेळ भरून द्यायचा अधिकार पंचांना मिळाला तो या प्रसंगामुळे, असं मानलं जातं. तेव्हापासून पंच आणि वेळकाढू यांचा चोर-पोलिसांचा खेळ सुरू आहे.

त्यातला सर्वांत मोठा डाव १९९२चा. १९९०च्या इटलीतल्या विश्वचषकात ५२ सामन्यांत ११५ गोल झाले, सामन्याला सरासरी २.२१. पालेर्मोत इजिप्त आणि आयर्लंड यांनी ०-० असा सामना खेळला. तो पाहिलेली माणसं अजूनही त्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. गोलरक्षकाला पास द्यायचा, त्याने चेंडू हातात घ्यायचा, कडेच्या बचावपटूकडे सरकवायचा, त्याने परत द्यायचा. १९९२च्या युरो अंतिम सामन्यात डेन्मार्कने याच युक्तीच्या आधारे आघाडी राखली आणि जर्मनीला २-०ने हरवलं. त्यांचा गोलरक्षक पीटर श्मायकलच्या हातात चेंडू परत परत येत राहिला. जर्मन तेव्हा चिडले. हिहोन आठवणाऱ्या अल्जीरियन माणसाने ते कसं पाहिलं असेल, याची कल्पना करायला मजा येते. त्याच उन्हाळ्यात बॅकपासचा नियम लागू झाला: सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळायचा नाही. गेल्या पन्नास वर्षांत फुटबॉलला इतका फायदा दुसऱ्या कुठल्या नियमाने झाला असेल असं मला वाटत नाही. आज गोलरक्षक पायाने खेळतात, पास देतात, ते त्यामुळेच.

बाकीचे उपाय त्या मानाने मलमपट्टीचे. गोलरक्षकाने चेंडू सहा सेकंदांत सोडायचा, हे २०००मध्ये ठरलं. पण शिक्षा इतकी जड, म्हणजे गोलच्या तोंडाशी अप्रत्यक्ष फ्री किक, की पंच ती द्यायलाच धजत नसत. २०१९पासून बदली होणाऱ्या खेळाडूला जवळच्या रेषेवरून बाहेर जावं लागतं. टाळ्या वाजवत, मोजे सावरत अख्खं मैदान ओलांडायची सोय गेली. कतारमध्ये २०२२ साली पंचांनी वाया गेलेला वेळ खरोखर मोजायला घेतला. इंग्लंड-इराण सामन्याच्या पहिल्या सत्रातच १४ मिनिटं वाढवून दिली. इराणी गोलरक्षकाला झालेली दुखापत हे त्याचं मुख्य कारण. २०२५मध्ये सहाचे आठ सेकंद झाले, पण शिक्षा हलकी झाली, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांवर मोजून दाखवतो. प्रो कबड्डीत रिकाम्या चढाया करून वेळ मारून नेणाऱ्यांवर ‘डू ऑर डाय’ चढाई आणली, तिच्यामागचं शहाणपण हेच. शिक्षा झेपेल एवढी असली, तरच ती दिली जाते.

तरीही पळवाट उरतेच. २०१८मध्ये जपान पोलंडविरुद्ध ०-१ असा मागे होता. दुसऱ्या मैदानावर सेनेगलही कोलंबियाकडून हरत होता. गुण, गोलफरक, गोल, सगळं सारखं. जपानची पिवळी कार्डं तेवढी कमी, चार विरुद्ध सहा. सामने एकाच वेळी चालू असूनही जपानने शेवटची दहाएक मिनिटं मागच्या मागे पास देत काढली आणि ‘फेअर प्ले’च्या निकषावर पुढची फेरी गाठली. नावाची गंमत बघा.

आता दुसरं भांडण. ‘उसने खेळाडू’ हा टोमणा १९३४च्या इटलीच्या संघाइतका जुना आहे. लुईस मोंती १९३०चा अंतिम सामना अर्जेंटिनाकडून खेळला आणि १९३४चा इटलीकडून, तो जिंकलासुद्धा. पुश्काश हंगेरीकडून आणि मग स्पेनकडून खेळला. असे बदल १९६०च्या दशकात बंद झाले: एका देशाच्या मुख्य संघातून अधिकृत सामना खेळलात की तोच तुमचा देश. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर १९३८मध्ये त्या देशाचे खेळाडू जर्मन संघात घालायला लावले होते. तो सरमिसळ संघ पहिल्याच फेरीत स्वित्झर्लंडकडून हरला.

अल्जीरियाची गोष्ट याच्या अगदी उलटी. एप्रिल १९५८मध्ये, विश्वचषक दोन महिन्यांवर असताना, फ्रान्समधल्या क्लबांतून खेळणारे अल्जीरियन फुटबॉलपटू गुपचूप सीमा ओलांडून ट्युनिसला पोचले. त्यांत मोनॅकोचा मुस्तफा झितूनी होता आणि सेंट-एतियनचा रशीद मेखलुफीही. दोघांचाही फ्रान्सच्या विश्वचषक संघासाठी विचार चालू होता. स्वातंत्र्यलढा चालवणाऱ्या आघाडीचा संघ त्यांनी उभा केला. देश अजून नकाशावर नव्हता, फिफाची मान्यता नव्हती, संघ मात्र होता. देश स्वतंत्र झाला १९६२मध्ये. आणि हाच मेखलुफी १९८२मध्ये हिहोनला जर्मनीला हरवणाऱ्या संघाच्या दोन प्रशिक्षकांपैकी एक होता.

पुढच्या पिढ्या मात्र फ्रान्समध्ये जन्मल्या. झिदानचे आईवडील अल्जीरियाचे, तो फ्रान्सकडून १९९८चा विश्वचषक जिंकला. ज्यांना फ्रान्सच्या युवा संघांत जागा मिळाली पण मुख्य संघात मिळाली नाही, त्यांचं काय? २००४पासून अशांना देश बदलता येत असे, पण एकविशीच्या आतच. २००९मध्ये बहामातल्या फिफा अधिवेशनात अल्जीरियाने ही वयाची अट काढायचा प्रस्ताव आणला आणि तो मंजूर झाला. फ्रान्सच्या युवा संघांतून खेळलेले मेगनी आणि येब्दा लगेच अल्जीरियाकडे आले. याच बदलामुळे केविन-प्रिन्स बोआटेंग २०१०मध्ये घानाकडून खेळला, समोर जर्मनीकडून त्याचा भाऊ जेरोम. २०१४मध्ये अल्जीरियाच्या २३ जणांपैकी १६ फ्रान्समध्ये जन्मलेले होते. त्या संघाने बाद फेरीत जर्मनीला जादा वेळेत खेचलं आणि १-२ अशी हार पत्करली. जर्मनीचा दुसरा गोल तुर्की वंशाच्या ओझिलचा. मग यात उसना कोण आणि घरचा कोण?

सोयीने होणाऱ्या बदलांना लगामही याच काळात लागला. २००४मध्ये कतारने अॅल्टनसारख्या ब्राझिलियनांना पैसे देऊन आपलंसं करायचा बेत आखला, तेव्हा फिफाने जन्म, आई-वडील, आजी-आजोबा किंवा वास्तव्य यांपैकी खरा धागा मागितला. अठराव्या वर्षानंतर राहायला आलेल्यांसाठी वास्तव्याची अट आज पाच वर्षं आहे. मला हा फरक रास्त वाटतो. आजीच्या गावाकडे परतणारा आणि चेकवर सही करणारा यांना एका मापाने मोजू नये.

भारताचं दार मात्र वेगळ्याच कुलपाने बंद आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारताकडून खेळता येत नाही. आजी भारतीय असली तर फिफाला चालतं, दिल्लीला पासपोर्ट लागतो. जपानमध्ये जन्मलेल्या, पुणे एफसीकडून खेळणाऱ्या अराता इझुमीने जपानी नागरिकत्व सोडलं तेव्हा कुठे २०१३मध्ये त्याला भारताची जर्सी मिळाली. २०२५मध्ये पर्थच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला. त्याची आई मूळची मुंबईची. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोव्यातल्या घरांनाही हाच पेच ठाऊक आहे.

२०२६च्या विश्वचषकात ४८ संघ आले. आधीच्या आराखड्यात तीन-तीन संघांचे गट होते. त्यात शेवटच्या दिवशी एक संघ रिकामा बसून बघणार, म्हणजे दर गटात एक हिहोन. मार्च २०२३मध्ये किगालीत फिफाने तो बेत मोडला आणि चार-चारचे बारा गट केले. पण तिसऱ्या क्रमांकाचे आठ संघही पुढे जाणार असल्याने, उशिरा खेळणाऱ्या गटांना किती गुण पुरतील हे आधीच कळणार होतं. सोडतीत शेवटच्या दिवशी, २७ जूनला, खेळणाऱ्या गटांत अर्जेंटिना, जॉर्डन, ऑस्ट्रिया आणि अल्जीरिया असा एक गट निघाला, आणि त्याच्या अखेरच्या फेरीत ऑस्ट्रिया-अल्जीरिया अशी जोडी लागली. त्याआधीच्या आफ्रिका चषकात अल्जीरियाच्या गोलपाशी, आठ सेकंदांच्या नव्या नियमाखाली, उभा होता लुका झिदान. फ्रान्सच्या युवा संघांतून खेळून आलेला, झिनेदिनचा मुलगा.