‘मास्टर’चं ‘मेन’ कसं झालं

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली. तिच्यात ब्रँच, म्हणजे कामाची एक फांदी, ही एक चिमुकली फाइल असते. त्या फाइलमध्ये शेवटच्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) 40 अक्षरी हॅश, म्हणजे ओळखखूण, असतो आणि फाइलचं नाव हेच ब्रँचचं नाव. ते बदलायला एक कमांड पुरते. तरीही मुख्य ब्रँचचं नाव ‘मास्टर’ असावं की ‘मेन’, हा प्रश्न वर्षानुवर्षं चालू आहे.

गंमत म्हणजे ‘मास्टर’ हे नाव कुणी फार विचार करून ठेवलेलंच नव्हतं. लिनक्स कर्नलसाठी वापरात असलेल्या बिटकीपर या तशाच प्रणालीचा मोफत परवाना गेला आणि एप्रिल 2005 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी घाईघाईत गिट लिहायला घेतलं. त्याच्याभोवतीची सुरुवातीची टूल्स लिहिताना पेत्र बाउडिस या चेक प्रोग्रॅमरने मुख्य ब्रँचसाठी ‘मास्टर’ आणि जिथून कोड घेतला त्या मूळ रेपॉझिटरीसाठी (कोड आणि त्याच्या इतिहासाच्या साठ्यासाठी) ‘ओरिजिन’ ही नावं उचलली, ती चिकटली. सबव्हर्जन या जुन्या प्रणालीत रूढ होतं ‘ट्रंक’, म्हणजे झाडाचं खोड. फांद्यांच्या भाषेशी खरं तर तेच जास्त जुळतं. मर्क्युरियल या आणखी एका प्रणालीने सरळ ‘डीफॉल्ट’ म्हटलं.

आक्षेप होता तो ‘मास्टर-स्लेव्ह’ (मालक-गुलाम) या जोडीवर, आणि तो गिटपेक्षा जुना आहे. लॉस एंजेलिस काउंटीने 2003 मध्येच पुरवठादारांना उपकरणांवर हे शब्द टाळायला सांगितलं होतं, तेव्हा त्याची थट्टाच जास्त झाली. पुढे 2014 मध्ये जँगो या वेब फ्रेमवर्कने आणि 2018 मध्ये पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने ते शब्द काढले. गिटमध्ये ‘स्लेव्ह’ कुठेच नाही, मग अडचण काय, असा विरोधकांचा सवाल. उलट बाजूने बिटकीपरच्या कागदपत्रांतले मास्टर-स्लेव्ह रेपॉझिटरीचे उल्लेख दाखवले गेले. खुद्द बाउडिस यांनी 2020 मध्ये सांगितलं, की आपल्या मनात ध्वनिमुद्रणाची ‘मास्टर’ प्रत होती. शिवाय ‘मेन’ आणि ‘अपस्ट्रीम’ ठेवायला हवं होतं असं आपल्याला अनेकदा वाटलं. त्यानंतरही वाद मिटला नाही, कारण भांडण व्युत्पत्तीचं नव्हतंच.

मे 2020 मध्ये मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि चर्चेला वेग आला. जुलैत गिट 2.28 मध्ये पहिल्या ब्रँचचं नाव ठरवण्याची सेटिंग आली. 1 ऑक्टोबरपासून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर नव्या रेपॉझिटरीत ‘मेन’ आलं, पुढच्या वर्षी गिटलॅब या तशाच संकेतस्थळावरही. ‘मेन’च का? नाव आखूड आहे आणि रोमन लिपीत पहिली दोन अक्षरं तीच, त्यामुळे बोटांची सवय मोडत नाही.

खरा त्रास फाइलबाहेर होता. बिल्ड आणि डिप्लॉयच्या स्क्रिप्ट, दस्तऐवजांतल्या लिंक, उघड्या पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याच्या विनंत्या), सगळीकडे ‘मास्टर’ गृहीत धरलेलं. गिट स्वतःही त्यातच: मर्जच्या (एक ब्रँच दुसरीत मिसळण्याच्या) संदेशात एरवी कोणत्या ब्रँचमध्ये मर्ज केलं ते लिहिलं जायचं, पण ती ‘मास्टर’ असेल तर नाव गाळलं जायचं. ही खास वागणूकही निस्तरावी लागली.

गिटचा स्वतःचा डीफॉल्ट 3.0 आवृत्तीत बदलायचं ठरलं आहे. तोही फक्त नव्या रेपॉझिटरींना लागू होईल. जुन्या रेपॉझिटरींत ‘मास्टर’ तसंच राहील, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला दोन्ही नावं तपासावी लागतील.