खेळातून मोजणी आणि वार-तारखा

शाळेत जाण्याआधीच्या, साधारण ३ ते ६ वर्षांच्या मुलांना घरच्या घरी, खेळता खेळता मोजायला आणि दिवसांचा माग ठेवायला शिकवण्याची ही पद्धत. मोजणी आणि दिनदर्शिका हे मोठ्यांना दोन वेगळे विषय वाटतात. मुलाला मात्र दोन्हीकडे एकच गोष्ट करायची असते: ओळीने मांडलेल्या घरांवरून एकेक घर पुढे सरकायचे आणि आपण कुठे पोचलो ते सांगायचे.

म्हणणे आणि मोजणे

मूल वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणू लागले की घरच्यांना वाटते, याला मोजता आले. त्याच्यासमोर पाच बटणे ठेवून पाहावीत. बोट तिसऱ्या बटणावर असते तेव्हा तोंड पाचावर पोचलेले असते, नाहीतर एखादे बटण दोनदा मोजले जाते. अगदी बरोबर मोजले आणि ‘मग किती आहेत?’ असे विचारले, तरी ‘पाच’ म्हणण्याऐवजी मूल पुन्हा ‘एक, दोन...’ असे सुरू करते. शेवटी म्हटलेला आकडा सगळ्या बटणांचा मिळून असतो, हे त्याला अजून उमगलेले नसते.

रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वे मांडली. एका वस्तूला एकच आकडा. आकड्यांचा क्रम ठरलेला. शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या. मोजायला कोणतीही वस्तू चालते. आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच. यातले तिसरे समजायला बराच वेळ लागतो असे दिसते. ‘मला तीन दे’ म्हटल्यावर मुले मूठभर वस्तू हातात ठेवतात. त्यांना आधी फक्त ‘एक’ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’. हे सगळे कळायला वर्षही लागू शकते, त्यात काळजीचे काही नाही.

म्हणूनच घोकंपट्टीपेक्षा ‘दे’ म्हणायला लावणारे खेळ मोलाचे. दुकान-दुकान खेळताना गिऱ्हाईक चार चमचे मागते, दुकानदार मोजून देतो, गिऱ्हाईक परत मोजून घेते. इथे संख्या खेळालाच हवी असते, शिकवायची म्हणून आणलेली नसते. एखादी बाहुली मुद्दाम चुकीचे मोजते, तेव्हा तिची चूक पकडताना मुलाचा चेहरा फुलतो, आणि त्या भरात ते स्वतः अचूक मोजून दाखवते.

घरांचा पट

रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी अमेरिकेतील अल्प उत्पन्न गटातल्या मुलांबरोबर १ ते १० अंकांचा सरळ पट खेळून पाहिला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन आठवड्यांत सुमारे १५ मिनिटांच्या चारच बैठका झाल्या होत्या. तरीही मोजणी, अंकओळख आणि दोन संख्यांतली मोठी ओळखणे, या सगळ्यांत मुले पुढे गेली. अंकांऐवजी रंगांचा पट खेळलेल्या मुलांत तसा फरक दिसला नाही. पुढच्या अभ्यासात गोल पटाचाही तेवढा उपयोग झाला नाही. सरळ पटावर मोठा अंक दूर असतो, तिथे पोचायला जास्त उड्या आणि जास्त वेळ लागतो. संख्येचे मोठेपण हाताला जाणवते. सापशिडीत दर ओळीला दिशा उलटते, म्हणून तो पट सुरुवातीला नको.

पट कागदावर आखता येतो. फाशावर एक आणि दोन एवढीच दाने पुरेत. सोंगटी तीनवर आहे आणि दोनचे दान पडले, तर ‘एक, दोन’ न म्हणता घरातले अंक म्हणायचे: ‘चार, पाच’.

इथे जवळजवळ प्रत्येक मूल एक चूक करते. सोंगटी ज्या घरात उभी आहे तेच घर ‘एक’ म्हणून मोजते आणि एक घर मागे राहते. रागावण्यासारखे त्यात काही नाही, कारण आपली भाषाही असेच मोजते. सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही टोके धरून मोजले तर आठ येतात, म्हणून सात दिवसांनी येणाऱ्या वाराला आपण ‘आठ दिवसांनी’ म्हणतो. ‘आठवडा’ या शब्दातही आठ आहे. फ्रेंच भाषाही आठवड्याला ‘आठ दिवस’ म्हणते. ‘सोंगटी उचलून टेकली की मोजायचे’ एवढा एकच नियम सांगावा.

दिवसांची पट्टी

वारांची नावे मुले गाण्यासारखी पाठ करतात, पण ‘काल’ आणि ‘उद्या’ पक्के व्हायला वेळ लागतो. कुठला मागचा आणि कुठला पुढचा हे आधी कळते. किती मागचा, किती पुढचा हे बरेच नंतर. शिवाय आजचा ‘उद्या’ रात्र उलटली की ‘आज’ होतो. ‘परवा’ तर मागचाही असतो आणि पुढचाही, म्हणून लहान मुलांशी बोलताना ‘परवाच्या दिवशी आलो होतो’, ‘परवा येणार आहे’ असे क्रियापद ठसवून बोलावे.

यावर माझ्या मते सर्वांत चांगला खेळ सात घरांच्या पट्टीचा. प्रत्येक घरात वार आणि त्या दिवसाचे एक चित्र काढायचे, आणि रोज सकाळी मुलानेच सोंगटी एक घर पुढे न्यायची. वाट पाहायची असेल तर कागदी कड्यांची साखळी करावी: दिवसाला एक कडी, रोज झोपताना एक तोडायची. उरलेल्या कड्या मोजताना संख्या आणि काळ एकाच हातात येतात.

भिंतीवरची दिनदर्शिका यानंतर. तिच्यात ओळ संपली की नजर मागे उडवावी लागते. काहींत वार वरच्या ओळीत असतात, काहींत डाव्या बाजूला वरून खाली. ‘पाच तारीख’ म्हणजे पाच वस्तू नव्हेत, ते एका दिवसाचे नाव आहे, हीदेखील अडचणच. महिन्यांचे २८ ते ३१ दिवस आणि वर्षाचा हिशेब सहा वर्षांनंतर शिकला तरी चालतो.

संपलेल्या महिन्याचे पान टाकून देऊ नये. त्याच्या आठवड्यांच्या ओळी कात्रीने सुट्या करून एकीपुढे एक चिकटवल्या, तर जमिनीवर सगळ्या महिन्याची एक लांब पट्टी होते. मूल तिच्यावरून एकेक घर सोंगटी चालवते, तारखा म्हणते, आणि मग चिकटवलेल्या जागी पट्टी सुटी करून, ओळी एकीखाली एक मांडत तिचे पुन्हा पान करते.