बायपासचे पर्यावरणावर होणारे परिणाम (मुंब्रा बायपास)

ज्या गाड्यांचं शहरात काहीच काम नाही त्यांना बाहेरच्या बाहेर काढायला बांधलेला रस्ता म्हणजे बायपास. ठाणे जिल्ह्यातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे मुंब्रा बायपास. जेएनपीटीचे (न्हावा शेवा बंदराचे) कंटेनर कळंबोली, शिळफाट्यावरून भिवंडी, नाशिक, गुजरातकडे जातात ते याच रस्त्याने, नाहीतर पूर्वीसारखे जुन्या मुंबई-पुणे रोडने मुंब्रा-कौसाच्या भर बाजारातून गेले असते. त्यामुळे बाजारातला धूर आणि हॉर्न कमी झाला हा फायदा खराच आहे, पण धूर नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो आणि चढावर लोडेड ट्रेलर खालच्या गियरमध्ये रखडला की जास्तच ओकतो.

खरा प्रश्न डोंगराचा आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला वस्ती आणि खाडी, मग रस्ता काढायचा तर डोंगराची कड कापूनच काढावा लागतो, आणि एकदा उतार उभा कापला की झाडांच्या मुळांनी धरलेली माती सुटते, खडकाच्या भेगांत पाणी शिरतं आणि पावसाळ्यात दरड खाली येते, मुंब्र्यात हे नवीन नाही. वरून ओढ्यांनी उतरणारं पाणीसुद्धा रस्त्याला अडतं, ते रस्त्याखालच्या मोरीतून काढून द्यावं लागतं, आणि मोरी प्लास्टिक नि राडारोड्याने तुंबली की तेच पाणी एकदम रस्त्यावर नाहीतर खालच्या घरांत. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल, टायरचा भुगा, ब्रेकची धूळ सगळं धुऊन नाल्यातून खाडीत जातं, आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे बरं का, फ्लेमिंगोवाली.

जंगलातून रस्ता गेला तर प्राण्यांची वाट तुटते. घोडबंदर रोड बायपास नाही, पण येऊरचं जंगल आणि नागला ब्लॉक (दोन्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचेच भाग) यांच्या मधून तो जातो आणि तिथे गाडीखाली बिबटे मेलेत.

अजून एक गोष्ट प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सहसा दिसत नाही, ती म्हणजे बायपास शहराबाहेर फार दिवस राहत नाही. रस्ता झाला की कडेला गॅरेज, ढाबे, गोडाऊन, मग चाळी नि टॉवर. रहिवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, कंटेनरच्या रांगेला ते कोण सांगणार! आणि २०१८ मध्ये हा बायपास दुरुस्तीसाठी काही महिने बंद होता तेव्हा तीच अवजड वाहनं ऐरोली, ठाण्याच्या रस्त्यांवर आली आणि सगळीकडे जाम लागला.